आठ हजार सोडलं का?

"आमच्या मुलीच्या हातात आकाश आहे," असं मी पेडण्याच्या बाजारात इतक्या जणांना ऐकवलं होतं, की ती न कळवता घरी आली तेव्हा पहिली काळजी मला माझ्या तोंडाचीच वाटली. ती परराज्यातल्या एका विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक. माझं बाजारात रंगाचं दुकान. माझ्या हातून चूक झाली तर फार तर गिऱ्हाइकाची भिंत पोपटी होते.

जेवताना तिनं सांगितलं. उतरायला थांबलेली विमानं एकावर एक, हजार हजार फुटांच्या अंतरानं घिरट्या घालत असतात. आठ हजारांवरच्याला सातावर जायला सांगायचं. "आठ सोडलं," असं त्यानं कळवलं की मगच त्याच्या कागदी पट्टीवरचा आठ खोडायचा आणि ती उंची नवावरच्याला द्यायची. त्या दुपारी गर्दी होती. खालचा वैमानिक नुसतं "सातावर जातो" म्हणाला आणि हिनं आठ खोडून वरच्याला दिला. खालचा अजून आठावरून हललाच नव्हता. वरचं विमान त्याच्या डोक्यावर उतरू लागलं. विमानांतल्या यंत्रांनीच इशारा दिला आणि वरच्यानं झटक्यात नाक उचललं, म्हणून माणसं वाचली.

"रडारवर दिसत नाय?" मी विचारलं.

"दिसता. मी पट्टी बघी होतंय."

चौकशी होऊन तिला खुर्चीवरून उठवलं होतं. आता पुन्हा परीक्षा. पास झाली तर हेडफोन परत, नाहीतर ते काम कायमचं बंद.

रविवारी डिचोलीहून तिचा मामा आला. तो सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवतो.

"लागली नाय मां एकमेकांक?" तो म्हणाला. "मगे कसली परीक्षा गो? आमचे ट्रक रोज घासतत."

"मामा, वर नुसता घासणा नसता."

मामाच्या हातातलं सुंगट, म्हणजे कोळंबी, सोलायचं राहिलं. मग तो कढीबद्दल काहीतरी बोलला.

परीक्षेच्या तयारीसाठी तिला वैमानिक हवा होता. घरात रिकामा मीच. दुकानातलं जुनं शेडकार्ड कापून तिनं पट्ट्या केल्या आणि आम्ही पडवीत बसलो. दोन्ही विमानं माझ्याकडे. वरचा वैमानिक वेगळा वाटावा म्हणून मी त्याच्या वेळी नाक धरून बोलत होतो. जनेलाच्या गजांआडून बायको बघत होती. "ह्या विमानात मी बसूचंय नाय," ती म्हणाली. मुलगी हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

"खालच्या, सातावर उतर."

"उतरतंय," मी म्हणालो, आणि थोडं थांबून, "आठ सोडलंय."

तिनं पेन्सिल आठावर टेकवली. "खरंच सोडलंस?"

"सोडलंय गो."

"परत सांग."

मी परत सांगितलं. मग नाक धरून वरच्याच्या आवाजात आठ मागितला. पेन्सिल तिथंच होती. रेघ काही ओढली जाईना. मी नाक धरून बसलो. ते सोडावं की नाही, मला कळेना.

"बाबा, वरच्याचा तेल संपता," तीच शेवटी म्हणाली, आणि पट्ट्या गोळा केल्या.

रोज बसलो. सकाळी दुकान उघडण्याआधी, दुपारी जेवण झाल्यावर. मी आवाज चढवला, घाई केली, एकदा तर वरच्याच्या तोंडून शिवीही दिली. खालचं विमान दर वेळी नीट उतरलं. वरच्याला आठ हजार एकदाही मिळाले नाहीत.

परीक्षा जवळ आली तेव्हा तिनं अंगणात जाऊन साहेबांना फोन केला. परीक्षा देत नाही, कचेरीत टेबलावरचं काही काम द्या, म्हणाली. बोलणं लवकरच आटोपलं.

"काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"बरा म्हणाले."

"लगेच?"

"हां."

बायको ताटं घ्यायला लागली. एक शब्दही न समजावता त्यांनी लगेच बरं का म्हटलं असेल, हा विषय आम्हा तिघांपैकी कोणीच काढला नाही.