विमलच्या ओव्हनची वायर

विमल गेल्याचं मला कॉलनीच्या ग्रुपवर कळलं. पाण्याच्या टँकरचा निरोप असेल म्हणून सकाळी मोबाइल उघडला, तर तिच्या भाच्यानं, मिलिंदनं लिहिलेलं, 'आमची आत्या पहाटे झोपेतच गेली. शेवटपर्यंत जेवणाची उत्तम सोय होती, कसलेही हाल झाले नाहीत.' खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागलेली. मी हात जोडले नाहीत. मोबाइल गादीवर फेकला आणि ओट्यापाशी जाऊन नुसती उभी राहिले. उत्तम सोय म्हणे! आता बरेच दिवस झाले, लोक मला सांगतात, सुमनताई, राग सोडा आता, माणूस गेलं. अहो, माणूस गेलं म्हणूनच सोडवत नाही. ती असती तर आम्ही दोघी मिळून रागावलो असतो आणि वर चहा पिऊन मोकळ्या झालो असतो.

आमची ओळख चिकलठाण्याच्या कारखान्यातली. एकाच टेबलावर बसून आम्ही बायका विजेची बटणं तपासायचो. विमल साळवे तेव्हा नवीन लागली होती, सडसडीत, जयंतीला कडक निळी साडी नेसून येणारी. त्या काळात गोल ओव्हनची मोठी हवा होती. अॅल्युमिनियमचा, वर काचेची खिडकी, मागं जाड वायर. ज्याच्या घरी तो असेल ते घर सुधारलेलं. विमलनं पगार साठवून गुलमंडीतून तो आणला, रिक्षात मांडीवर घेऊन, आणि दुसऱ्याच दिवशी टूटी-फ्रूटी घातलेला केक डब्यात भरून कारखान्यात आली. मधल्या सुट्टीत तिनं डबा पुढं केला, तर एकेकीला उपास निघाला. सगळ्या टेबलाचा उपास, आणि वार कुठला, तर बुधवार! चतुर्थी नाही, एकादशी नाही. उपास कसला होता ते तिलाही कळलं आणि मलाही. मी देवगाव रंगारीची, आमच्या घरी काही निराळं चालत नव्हतं, पण खरं सांगते, त्या केकच्या वासापुढं मला घरचं काही आठवलं नाही. मी डब्यात हात घातला. विमलनं माझ्याकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बरं झालं. आपल्याला जास्त." आम्ही दोघींनी तो अख्खा डबा संपवला. त्यानंतर तिनं कुणाला खायला घालून आपलंसं करायचा नाद सोडला तो कायमचा. स्वतःसाठी करायची आणि कुणी मागितलं तर आनंदानं द्यायची.

लग्न तिनं केलं नाही. भावाला उभं केलं, भाऊ गेल्यावर मिलिंदला शिकवलं, आणि निवृत्तीनंतर माझ्या घरामागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन एकटी राहिली. माझे हे गेल्यावर मीही एकटीच. तेव्हापासून रोज सकाळी तिचा फोन यायचा, नमस्कार नाही, कशी आहेस नाही, एकच प्रश्न, "आज काय?" म्हणजे आज काय केलंस. मी सांगायची, पोळीभाजी. ती सांगायची, दोडक्याची भाजी, वाटीभर वरण, आणि कूट घालून काकडी. रविवारचं तर विचारू नका. काजू घातलेला पुलाव, केळी-द्राक्षांचं कस्टर्ड, पापडाचे त्रिकोण, आणि ताटाच्या कडेला टोमॅटोचं फूल. टोमॅटोची साल न तुटता सोलून, गुंडाळून केलेलं गुलाबाचं फूल, आठवतंय ना? एके काळी प्रत्येक पार्टीत असायचं, मग कुठं गेलं कोण जाणे. विमलनं ते सोडलं नाही. ती स्वतःच्या ताटात स्वतःसाठी फूल करून ठेवायची! लोक हसायचे, एकटीसाठी कशाला एवढा खटाटोप. मीही एकदा म्हटलं, तर चमचा खाली ठेवून म्हणाली, "एकटी म्हणजे कुणीच नाय का?" मी वाटी पुढं करून आणखी कस्टर्ड घेतलं.

जुन्या खाण्याची तिला आवड होती, पण कुठल्या जुन्या, हे कुणी समजूनच घेतलं नाही. मिलिंदची नोकरी चांगली, गाडी नवी. एकदा तो आम्हा दोघींना वेरूळच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात घेऊन गेला. बाहेर मोठी पाटी, 'चुलीवरचं अस्सल गावरान'. आत शेणानं सारवलेल्या भिंती, कंदील टांगलेले, आणि कोपऱ्यात एक बाई फुंकणीनं चूल फुंकत भाकऱ्या थापतेय, लोक तिचे फोटो काढतायत. मिलिंद खुशीत म्हणाला, आत्या, बघ, तुझ्या लहानपणीची चव. विमलनं भाकरीला हात लावला नाही. म्हणाली, "माझ्या आईचे डोळे याच धुरात गेले. तू हौसेनं पैसे मोजून तोच धूर खायला आणलंस व्हय?" मिलिंद ओशाळला, पण त्याच्या डोक्यात शिरलं काहीच नाही. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, सगळं जगच सध्या चुलीच्या प्रेमात पडलंय. ज्यांच्या घरात कुणी चूल फुंकली नाही त्यांना चुलीची आठवण येते. आणि जिनं फुंकली, तिला आठवण यायची ती बटण दाबलं की तापणाऱ्या गोल ओव्हनची, केकची, जेलीची. ते तिचं जुनं होतं. ते तिनं स्वतः कमावलं होतं.

मग दुधाचं प्रकरण झालं. गॅसवर दूध ठेवून ती दारात भाजीवालीशी बोलत राहिली, पातेलं करपलं, धूर झाला. एवढंच. पातेलं मी माझ्या हातानं घासलं. पण शेजारच्या कुणीतरी लगेच ग्रुपवर टाकलं की वयस्कर बायका एकट्या राहतात, उद्या स्फोट झाला तर जबाबदार कोण. संध्याकाळी मिलिंद आला आणि सिलिंडर, शेगडी गाडीत घालून घेऊन गेला. तिला विचारलं नाही, समजावलं. आत्या, आता आराम कर, खूप केलंस. दुसऱ्या दिवसापासून एका मेसचा डबा सुरू झाला. मिलिंद वाईट माणूस नाही, हेच तर माझं दुखणं आहे. वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. त्याला मनापासून वाटलं की डबा म्हणजे सुख.

आणि विमल? विमल हरणारी नव्हती. आठवडाभरानं मी दुपारी गेले तर जिन्यातच भाजलेल्या वांग्याचा वास. आत बघते तर गोल ओव्हन सुरू! त्यात वांगं, त्याच्या शेजारी कणकेच्या बट्ट्या. सगळ्यांना तो शोभेची वस्तू वाटायचा, वर क्रोशाचा रुमाल असायचा ना, म्हणून मिलिंदनं तो नेलाच नव्हता. ती त्यात सगळं शिजवायला शिकली. डाळ रात्री भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवायची, शिजायला अख्खी दुपार जायची, पण शिजायची. मेसचा डबा समोरच्या इमारतीचा वॉचमन आणि त्याची बायको जेवायचे, आणि रिकामा डबा ही घासून परत पाठवायची. मिलिंद खूश, आत्या सगळं संपवते. "आज काय?" विचारताना तिच्या आवाजात तेव्हा असा काही खट्याळपणा यायचा की मला हसू आवरायचं नाही. दोन म्हाताऱ्या चोरून वरण शिजवतात, हसण्यासारखंच होतं ते. नंतर विचार केला तेव्हा मात्र डोकं भणभणलं. आयुष्यभर कमावून खाल्लेल्या बाईला स्वतःच्या घरात चोरून वरण शिजवावं लागलं.

एका रविवारी मिलिंद न सांगता आला आणि ओव्हन गरम सापडला. आवाज चढवला नाही त्यानं. कात्री मागितली, प्लग काढला आणि ओव्हनची वायर मुळाशी कापून खिशात घातली. वर म्हणाला, ओव्हन ठेवतो आत्या, तुझी आठवण आहे ती. हे तिनं मला सांगितलं तेव्हा रडली नाही. रुमाल नीट करत म्हणाली, "कात्री माझ्याच हातानं दिली गं. मला वाटलं दुधाची पिशवी कापतोय." मी त्याच संध्याकाळी मिलिंदला फोन करून हवं ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मावशी, उद्या काही झालं तर लोक मला विचारतील, तुम्हाला नाही. तिला म्हटलं, नवी वायर बसवून आणू, तर म्हणाली, "आणि तो परत कापेल तेव्हा?" त्यानंतर तिचा फोन यायचा बंद झाला. मग मीच करायची आणि विचारायची, आज काय? पलीकडून एकच शब्द यायचा, "डबा." ... आणि फोन ठेवल्याचा आवाज.

मी भाकरी, मेथीची भाजी घेऊन जायची. समोर बसवून खायला घालायची. ती खायची, माझं मन मोडायचं नाही म्हणून. शेवटची भेट झाली त्या दिवशी अर्धी भाकरी खाऊन ताट सारलं आणि म्हणाली, "चांगलं झालंय, सुमन. पण हे तुझं आहे. मला माझ्या हातचं खायचंय." नंतर काही दिवसांतच ती गेली. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले आणि ते खरंच असणार. डबा खाऊन कुणी मरत नाही, एवढं मलाही कळतं. पण जगत होती ती कशावर, तेही मला कळतं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मिलिंदच्या घरी गेले. वंदना झाली, लोक चांगलं बोलले, फोटोला पांढरी फुलं होती. मग जेवायला अंगणात आलो. केटररनं चूल मांडली होती. एक बाई फुंकणीनं जाळ करत भाकऱ्या थापत होती, डोळे पुसत होती. शेजारी पिठलं, ठेचा. मिलिंद माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, आत्याला जुन्या चवीची आवड होती ना, म्हणून मुद्दाम..." त्याचे डोळे भरलेले होते. मी चार माणसांत तोंड उघडणार होते, पण ते डोळे बघून नुसतं म्हटलं, "तिला टोमॅटोचं फूल आवडायचं रे." त्याला काही बोध झाला नाही. मी न जेवता निघाले. आत्याचं सामान त्यानं आपल्या घरी आणून ठेवलं होतं; आठवण म्हणून काही हवं का, असं त्यानं विचारलं, तेव्हा मी ओव्हन मागितला. रिक्षात मांडीवर घेऊन आले.

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियननं नवी वायर बसवून दिली. उंदरानं कुरतडली का, असं त्यानं विचारलं. म्हटलं, नाही, माणसानं. आता तो माझ्या ओट्यावर आहे, रुमालाशिवाय. काल रविवार होता. मी वाटीभर रव्याचा केक लावला, टूटी-फ्रूटी घालून, एकटीपुरता. काचेतून तो फुगताना बघत बसले होते, तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. विमलमावशीचं त्याला कळलं होतं. फार काळजी वाटते म्हणाला, आई, तू पण एकटी, आता तुझं वय झालं, डब्याची सोय बघू का, या शनिवारी येऊन सगळं लावून देतो. मी ओव्हनवर हात ठेवला, चटका बसला तरी काढला नाही. मग म्हटलं, "ये ना, खुशाल ये. केक करते तुझ्यासाठी. घरात शिरायच्या आधी मात्र खिसे दाखव. कात्री असेल तर दारातूनच परत जा."