सव्विसाव्या वर्षी मांडीवर

सातिवलीच्या एका गाळ्यात मी प्लास्टिकच्या डब्यांचं पॅकिंग करायचो आणि विरारला घरमालकीण काकूंकडे भाड्याने राहायचो. काकू मूळच्या कोकणातल्या, विधवा, मूलबाळ नाही. माझी शाळा सातवीतच सुटलेली, त्यामुळे कुठलाही फॉर्म समोर आला की घाम फुटतो. काकूंना कावीळ झाली तेव्हा दवाखान्याच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. पेन धरून बराच वेळ उभा राहिलो आणि ‘भाडेकरू’ लिहिलं. सिस्टर म्हणाली, भाडेकरूची सही चालत नाही, घरचं माणूस आणा.

बऱ्या झाल्यावर काकूंनी दत्तकाचं काढलं. मला वाटलं, आजारपणातलं बोलणं, विसरतील. पण त्या वकिलाला भेटून आल्या. तो म्हणाला होता, कायद्यात वय पंधराच्या आतलं लागतं, पण आपल्याकडे मोठा माणूस घ्यायची रूढी आहे, ती चालते. फक्त जन्मदात्या आईने स्वतः येऊन द्यायला हवं.

मी बीडकडे गावी पत्र टाकलं. वडील गेलेले, माझ्या पाठचे दोघे भाऊ आईजवळ. मला काकूंकडे राहायचं होतं, त्यांचे उपकारच तेवढे होते. तरी आई नाही म्हणेल, असं कुठेतरी वाटत होतं. आई आली, फडक्यात भाकरी बांधून.

भटजींनी आईला माझा हात काकूंच्या हातात द्यायला सांगितला आणि मोठ्याने ‘दिला’ म्हणायला लावलं. आई इतकी हळू म्हणाली की परत म्हणायला लागलं. मग मांडीवर बसायचं. काकूंचे गुडघे धरलेले, म्हणून मी टाचांवर तोल सांभाळून नुसता टेकलो. त्यांना कळलंच.

“भार टाक रे मेल्या, मोडत नाही मी.”

मला काही तो टाकता आला नाही.

काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. आईने पानासमोर हात जोडले आणि उठली.

“आमच्यात दिल्या लेकीच्या घरचं खात न्हाईत.”

काकू म्हणाल्या, अहो, हा लेक आहे.

“दिलाच की,” आई म्हणाली. पाणीसुद्धा घेतलं नाही तिने.

एसटी स्टँडवर तिने फडकं सोडलं. सवयीने अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे धरली. मी उभ्यानेच खाल्ली. गाडी लागली तेव्हा एवढंच म्हणाली, “पोटभर जेवत जा तिथं. लाजू नगं.” घरी आलो तर काकू माझं पान झाकून जेवायच्या थांबलेल्या. परत जेवलो.

नंतर वसईला दत्तकपत्राची नोंदणी झाली आणि माझ्या नावापुढे काकूंच्या यजमानांचं नाव लागलं. त्यांना मी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतच पाहिलंय. काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला रकान्यात ‘मुलगा’ लिहिलं, सही केली. मान वर करून कुणी पाहिलंही नाही. काकूंना मात्र मी अजून काकूच म्हणत होतो, आणि त्या ओ देत होत्या.

त्याच आठवड्यात गावाहून पत्र आलं. आईला लिहिता येत नाही, अक्षर धाकट्या भावाचं. वरच्या पत्त्यात त्याने माझं नाव लिहिलं होतं आणि पुढे, आमच्या वडिलांच्या जागी, ते फोटोतलं नाव. आईनेच बजावलं असणार, नीट लिही, नाहीतर पोचायचं नाही.

पोचलं.