चौदा नंबरची खुर्ची

त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी चर्चच्या हॉलमध्ये व्यायामाच्या गाद्या मोजत होते. बाहेरगावाहून येणारे हाडांचे डॉक्टर गुरुवारी ऑपरेशनं करणार होते आणि एका मुलाला ताप आल्यामुळे एक जागा मोकळी झाली होती. आमच्या यादीतल्या वैष्णवीचा नंबर लागत होता. बुधवारी सकाळी दाखल व्हायचं आणि आज चार वाजेपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला जाणार. मी 'हो, कळवते' म्हटलं आणि लगेच वैष्णवीच्या वडिलांना फोन लावला. नंबर बंद. दुसऱ्या क्रमांकाच्या रकान्यात होता तो त्यांच्या ठेकेदाराचा. तो म्हणाला, "बालाजी का? त्याला कामावरून ब्रेक देऊन दोन महिने झाले, मॅडम. आता कुठं आहे, मला काय माहीत?"

माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, म्हणजे पुढचं कळेल. मी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये एकवीस वर्षं काम केलं. कुठल्या रॅकवर कुठला नट आहे हे मला झोपेतसुद्धा सांगता यायचं. नोकरी सोडल्यावर आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाचं काम हाती घेतलं. पिंपरीपासून चाकणपर्यंत खोल्यांमधून राहणाऱ्या कामगारांच्या आजारी, अपंग मुलांना आठवड्यातून दोनदा गाडीने व्यायामाला आणायचं, त्यांना चाकाच्या खुर्च्या वापरायला द्यायच्या, आईवडिलांबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं. एकतीस मुलं होती. मी त्यांची यादी केली, रकाने आखले, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पिवळ्या रंगात नंबर घातला. नियम छापून भिंतीवर लावले. त्यातला चौथा नियम असा होता की पत्ता बदलला तर आठ दिवसांत कळवावा, नाहीतर खुर्ची परत घेतली जाईल. आमचे ड्रायव्हर शमुवेलभाऊ चेष्टेनं म्हणायचे, "बाई, तुम्ही वर गेलात की स्वर्गाच्या दारावरच्या पेत्राला रजा टाकायला हरकत नाही. दारावर यादी घेऊन तुम्हीच बसाल." मी हसायचे, पण आतून मला ते आवडायचं. देवावर माझा विश्वास होताच. यादीवर त्याहून थोडा जास्त होता, हे मला त्या मंगळवारपर्यंत ठाऊक नव्हतं.

वैष्णवी सात वर्षांची, तिची खुर्ची चौदा नंबरची. जन्मापासून तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, बोलणं नाही. डाव्या खुब्याचं हाड हळूहळू जागेवरून सरकत होतं. आणखी सरकलं तर तिला नीट बसताही येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. या ऑपरेशनसाठी आम्ही अकरा महिने थांबलो होतो. आणि गेले दोन महिने ती व्यायामाला आली नव्हती. गाडी ठरलेल्या थांब्यावर जायची, पाच मिनिटं थांबायची, परत यायची. मी तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहीत होते. रकाना भरला की माझं काम झालं, असं मला वाटत होतं. का येत नाही, हे एकदाही जाऊन विचारलं नाही. हे लिहिताना आजही जड वाटतं.

मी आमच्या चर्चच्या पाळकबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "खोटा होकार देऊ नका, आणि दुसऱ्या लेकराची जागाही अडवू नका. पण चार वाजायला अजून वेळ आहे." मला तेवढंच ऐकायचं होतं. आमच्या त्या गाडीत दुपारी वाटायच्या दोन खुर्च्या आधीच चढवलेल्या होत्या. त्या उतरवण्यात वेळ न घालवता मी शमुवेलभाऊंना म्हटलं, चला.

चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या मागच्या बाजूला त्यांची जुनी खोली होती. दाराला कुलूप होतं आणि आत दुसऱ्याच कुणाचं सामान. घरमालकाची म्हातारी आई ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मी वैष्णवीच्या आईबद्दल, सुनीताबद्दल विचारलं.

"गेली की ती. कंपनीनं ब्रेक दिला, मग भाडं कुठनं द्यायचं? टेम्पोत भरलं आन् गेली."

"कुठं गेली, आजी?"

"आता आमी कुनाकुनाचं ध्यान ठिवायचं, बाई? म्हैन्याला चार येत्यात, चार जात्यात. तू बी कंपनीची का?"

मी नाही म्हटलं. पण ते उत्तर पुरतं खरं होतं का, असं मला वाटून गेलं. मग मी किराणा दुकानात विचारलं, पिठाच्या गिरणीत विचारलं, अंगणवाडीत विचारलं. सगळीकडे एकच प्रश्न: पाठीवर पिवळा चौदा नंबर असलेली खुर्ची कुणी पाहिली का? कुणीही पाहिली नव्हती. दोन वाजले. माझ्या हातातल्या कागदावर खुणा करायला आता एकही ओळ उरली नव्हती. गाडीत बसले आणि मी प्रार्थना केली. एरवी माझी प्रार्थनाही मुद्देसूद असते, आधी आभार, मग विनंत्या. त्या दिवशी तसं काही सुचलं नाही. एवढंच म्हटलं, "प्रभू, माझ्याकडची विचारायची माणसं संपली. आता कुणाला विचारू, ते तू सांग."

गाडी खडबडीत रस्त्यावर पन्नास पावलं गेली असेल, तेवढ्यात मागे मोठा आवाज झाला. खुर्च्या चढवायचा लोखंडी रॅम्प एका बाजूने निखळून रस्त्यावर घासत होता. बिजागरी तुटली होती. शमुवेलभाऊ खाली उतरले, कमरेवर हात ठेवून बघत म्हणाले, "बाई, हे तुमच्या यादीत होतं."

होतं. 'रॅम्पची बिजागरी पाहणे' असं मीच लिहिलं होतं. तीन आठवडे झाले होते आणि रोज ती ओळ मी उद्यावर ढकलत होते. माझ्या यादीत राहून गेलेलं ते एकच काम, आणि ते नेमकं आज मोडावं! मला रडू आलं नाही, संताप आला. स्वतःचा आणि खरं सांगायचं तर देवाचाही. मदत मागितली आणि त्यानं उरलेला वेळही काढून घेतला, असं मनात आलं.

रॅम्प दोरीने बांधून आम्ही गाडी हळूहळू पुढच्या वळणावर नेली. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं दुकान होतं. पांढऱ्या दाढीचे, चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ गेट जोडत होते. मी म्हटलं, "भाई, फार घाई आहे हो, चारच्या आत एक लेकरू शोधायचंय." त्यांनी गेट बाजूला सारलं. गेटचा मालक कुरकुरला तर त्याला म्हणाले, "तुझं गेट कुठं पळून जातंय का? बस, चहा पी." मग वाकून गाडीत डोकावले आणि हसायला लागले.

"ताई, हे पिवळे नंबर तुमचेच का? एक तर मी माझ्या हातानं घासून काढलाय."

मी "चौदा?" एवढंच विचारलं.

"चौदाच. मैनेची खुर्ची."

"मैना कोण?"

"घ्या! खुर्ची तुम्ही दिली आणि पोरीचं घरातलं नाव माहीत नाही?" ते बिजागरी काढता काढता सांगत होते. "बापच घेऊन आला होता, बालाजी. म्हणाला, युनूसभाई, हा नंबर घालवा. कंपनीत मला नंबर, खोलीला नंबर, आता पोरीलापण नंबर कशाला? मग मी घासला आणि तिचं नाव लिहिलं. चाकं जरा रुंद बसवली. नव्या खोलीपुढं सगळी खडी आहे, म्हणाला."

"नवी खोली कुठं?"

"देहूकडं. पाण्याच्या टाकीपाशी. नंबर नाही माझ्याकडं त्याचा, पण घर दाखवतो. एकदा चाक बसवायला गेलो होतो." दहा मिनिटांत त्यांनी रॅम्प जोडला. मग गेटच्या मालकाला दुकानावर बसवून, हेल्मेट घालून स्वतःच मोटारसायकल काढली. मी म्हटलं, एवढं कशाला, पत्ता सांगा. ते म्हणाले, "पत्त्यानं सापडत नाही तिथं कुणी, ताई. माणसाबरोबर जावं लागतं."

वाटेत ट्रकांच्या रांगा होत्या. मी घड्याळ बघत होते आणि पुढची ती मोटारसायकल. एरवी कुणाच्या मागून जायचं म्हणजे मला रस्ता आधी माहीत असावा लागतो. त्या पाऊण तासात मला काहीच माहीत नव्हतं. पुढचा माणूस वळला की आम्ही वळायचो, एवढंच.

साडेतीन वाजून गेले होते. खोलीच्या दारात ती खुर्ची दिसली. पाठीवर निळ्या अक्षरात 'मैना' आणि शेजारी एक पक्षी. पोर खुर्चीत एका कुशीवर कलंडलेली होती, पूर्वीपेक्षा जास्त. सुनीता धुणं टाकून धावत आली. गाडी ओळखली आणि एकदम खुर्चीच्या आणि माझ्या मधे उभी राहिली.

"ताई, खुर्ची नेऊ नका. पत्ता कळवायचा राहिला, आमचं चुकलंच. नंबर बी आम्हीच घालवलाय. रंग आणून परत घालून देते. पण नेऊ नका बरं. लेकराला दुसरं काय बी नाही."

मग मला कळलं की दोन महिने ती व्यायामाला का आली नव्हती. घाईनं खोली बदलावी लागली, आठ दिवस उलटून गेले, आणि भिंतीवरचा माझा चौथा नियम सुनीताला तोंडपाठ होता. खुर्ची जाऊ नये म्हणून ती माझ्यापासून लपली होती. त्या दोन महिन्यांत खुबा किती सरकला असेल, तो हिशेब माझ्या कुठल्या रकान्यात बसणार होता? मी तिचे ओले हात धरले. "सुनीता, खुर्ची न्यायला नाही आले. मैनेला न्यायला आलेय. ऑपरेशनची जागा मिळालीय, परवा. तू हो म्हण फक्त."

ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. युनूसभाई मागून म्हणाले, "अगं हो म्हण ना, बाई! घड्याळ थांबलंय का तुझ्यासाठी?" तेव्हा ती रडता रडता हसली आणि म्हणाली, "हो." मी फोन लावला तेव्हा चार वाजायला बारा मिनिटं होती.

ऑपरेशन गुरुवारी झालं. मैना चालत नाही, चालणारही नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण ती सरळ बसते, ताटातलं स्वतः उचलून खाते आणि शमुवेलभाऊंची गाडी दिसली की दोन्ही हात हवेत उडवते. मला हे पुरेसं आहे. तिच्या आईलाही.

चौथा नियम मी त्याच आठवड्यात भिंतीवरून काढला. माझी सवय मात्र मोडलेली नाही, आणि मोडावी असंही मला वाटत नाही. कारण लेकरांना विसरून चालत नाही. नंबर अजूनही आहेत, पण खुर्चीच्या बैठकीखाली, जिथे माझ्याशिवाय कुणी बघत नाही. पाठीवर नावं आहेत, घरात हाक मारतात ती. ती विचारायला मी प्रत्येक घरी स्वतः गेले. युनूसभाईंनी लिहून दिली. कुणी आता सलग दोनदा गैरहजर राहिलं तर मी रकाना भरत नाही, चप्पल घालते. सकाळच्या प्रार्थनेत ती एकतीस नावं घेते, आणि त्यानंतर युनूसभाईंचं.

कुणी विचारतं, तो चमत्कार होता का? मला ठरवता येत नाही, आणि ते माझं काम नाही. मला एवढंच माहीत आहे की ज्या ज्या ओळीवर मी खूण केली होती, तिथून मला काहीही सापडलं नाही. जी ओळ राहून गेली होती, तिथूनच प्रभू आत आला. बिजागऱ्या मी आता वेळेवर पाहतेच. पण तरीही एखादी तुटली, तर आता आधी संतापत नाही. गाडी बाजूला घेते, खाली उतरते आणि समोर कोण उभं आहे ते बघते.