दादाच्या बोटीवरचा हल्ला

पुण्याच्या कंपनीतला आमचा सिनियर आजही समोर सापडला तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढीन. तो म्हणतो, चूक प्रोसेसची होती. प्रोसेस गेली खड्ड्यात.

मी रत्नागिरीत घरी बसून त्या कंपनीचं काम करायचे. मासेमारी बोटींसाठी एक अ‍ॅप होतं. बोट संकटात सापडली की तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, बटण दाबायचं, मग आसपासच्या बोटींच्या आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या मोबाइलवर सायरन वाजायचा आणि बोटीचा नंबर, जागा दिसायची. तो संदेश पाठवणारी कोडची लायब्ररी मी लिहिलेली. कोडमध्ये काही बदललं की तिच्या युनिट टेस्ट चालवायच्या, म्हणजे एकेक तुकडा नीट चालतो का ते बघायचं. आमच्या डेव्हलपमेंटच्या सेटिंगमध्ये संदेश खरा कुठेच जात नसे, नुसता गेल्यासारखा दिसे. म्हणून तर दादाला विचारून मी त्याच्याच बोटीचा नंबर टेस्टमध्ये घातला होता. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, तांडेल आहे. संदेशही मीच लिहिलेला: ‘मारतायत, लवकर या.’

त्या सकाळी टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. चहा टाकायला उठले तर ओटीवर बाबांच्या मोबाइलचा सायरन वाजला. बाबा जाळं दुरुस्त करत बसले होते. “तुझ्या दादाला मारतायत गो,” एवढंच म्हणाले. मी मोबाइल हिसकावला. शब्द माझेच होते.

सिनियरला फोन लावला. या साहेबांनीच आदल्या दिवशी कुणाला तरी डेमो दाखवायला आमची सेटिंग खऱ्या सर्व्हरला जोडली होती, आणि ती परत फिरवायचं राहून गेलं होतं. “पण टेस्ट पास झाल्या ना?” म्हणे. बाबांसमोर मी आयुष्यात दिली नव्हती अशी शिवी त्याला हासडली.

दादाचा फोन लागेना. बंदरावर धावत गेले तोवर बोटी सुटल्या होत्या. आमच्याकडे समुद्रावरून हाक आली की काय झालं, कसं झालं, कुणी विचारत बसत नाही. हाताला लागेल ते घ्यायचं आणि निघायचं. त्यात परराज्यातल्या ट्रॉलरवाल्यांवर सगळ्यांचा आधीपासूनच राग. मी बंदरावरच्या वायरलेसवर घसा फोडून सांगितलं की संदेश खोटा आहे, मागे फिरा. इंजिनाच्या धडधडीत कोण ऐकतो?

आरे-वारेच्या किनाऱ्यासमोर दादाचं इंजिन बंद पडलं होतं. परराज्यातल्याच एका ट्रॉलरने त्याला दोर टाकला आणि त्यावरचे लोक त्याची बोट बंदराकडे ओढत आणत होते. आमच्या लोकांना काय दिसलं, तर परके लोक आपली बोट ओढून नेतायत. ते तुटूनच पडले. सळ्या, बांबू, बर्फ फोडायचे टोचे. दादा मध्ये पडला, “अरे, मदत करतायत ते,” म्हणून ओरडत राहिला, तर त्याच्याही पाठीत सळी बसली. ज्या खलाशाने दोर टाकला होता, तो दोर सोडवायला वाकला होता. दोर बांधलेल्या खुंट्यावरच त्याचा हात ठेचला. एकाने नाही, तिघांनी. मनगटाखाली हात असा उरलाच नव्हता, दादा सांगत होता.

दादा घरी आला तेव्हा शर्टावर त्या माणसाचं रक्त वाळलेलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने माझा लॅपटॉप उचलला आणि पायरीच्या चिऱ्यावर आपटला. स्क्रीन फुटली, बटणं उडाली, तरी तो आपटतच राहिला. मी अडवलं नाही, मलाही तेच करायचं होतं. मग दम खात म्हणाला, “त्या खलाशाला वाटतंय मीच बोलावलं. मदत घेतली आणि मागून अंगावर माणसं घातली. चल, तू सांग त्याला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी खलाशाचा हात कापून टाकला होता. माझ्या मोडक्या हिंदीत मी त्याला टेस्ट, त्यातला बोटीचा नंबर, सर्व्हर, सेटिंग सगळं समजावलं. त्याने दादाकडे बघून एकच विचारलं, “नंबर किसका था?”

“मेरा,” दादा म्हणाला.

दादाने त्याच्यासाठी शहाळं सोलून आणलं होतं. खलाशाने उरलेल्या हाताने ते खाटेवरून ढकललं आणि भिंतीकडे तोंड केलं. दादा खाली सांडलेलं पाणी पुसायला वाकला, आणि तिथेच फरशीवर बसून रडायला लागला.