सांडवा

माझ्या आईचा एक दंडक होता: पाणी सांडायचं नाही. नगरच्या आमच्या घरात नळ दिवसातून तासभर, तोही करंगळीएवढा यायचा, आणि तांब्या कलंडला की माझ्या पाठीत धपाटा बसायचा. त्यामुळे सांडणं या शब्दाशी माझं लहानपणापासूनच वाकडं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा गाढवपणा त्यातूनच झाला.

स्वातंत्र्य तेव्हा नवंकोरं होतं. मुलींच्या शाळेत शिकवायला लागून मला दोन वर्षं झाली होती. मे महिन्याच्या सुट्टीत चौदा मुली घेऊन मी तिसगावच्या बाजूच्या एका गावी बांध घालायला गेले. डोंगराच्या अंगाने एक ओघळ उतरत होता आणि दर पावसाळ्यात त्यातून माती वाहून जायची. तिथे दगडमातीचा आडवा बांध घालायचा, पाणी अडवायचं, जमिनीत मुरवायचं, एवढंच काम. माझं वय बावीस आणि अंगात वारं शिरलेलं. मुलींना मी घोषणासुद्धा शिकवली होती, ‘एक थेंब सांडणार नाही!’

ते दिवस आठवले की अजून मला अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. उन्हं चढली की समोरचा माळ हलायला लागायचा. लांबची बाभळ जमिनीपासून वीतभर वर तरंगायची. मुली ओळीने उभ्या, मातीच्या पाट्या या हातातून त्या हातात जायच्या आणि रिकाम्या होऊन परत यायच्या. आधी गाणी, थट्टा, मग हळूहळू बोलणं थांबायचं, आणि दगडावर दगड ठेवल्याचा तेवढा आवाज राहायचा. दुपारी आम्ही निंबाखाली पडत असू. डोळे मिटले की मला ओघळात पाणी दिसायचं, हिरवट, गप्प, काठोकाठ. इतकं खरं दिसायचं की जिभेला गारवा लागायचा. खोटं कशाला बोलू, मी त्या न आलेल्या पाण्याच्या प्रेमातच पडले होते.

बांधाच्या खालच्या अंगाला एका मावशींचं वावर होतं. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब दिलेली, त्यांचं म्हणून होतं ते हेच. पाऊण कोसावरच्या विहिरीवरून घागर आणताना त्या रोज आमच्यापाशी थांबायच्या. बांध कमरेएवढा झाला त्या दिवशी त्यांनी विचारलं, “बाई, सांडवा कुटं हाय?”

हा शब्द मला नवा होता; मला वाटलं, पोरींच्या धांदरटपणावर टोमणा मारतायत. मी ठसक्यात म्हटलं, “आमच्यात सांडवासांडवी चालत नाही हो, मावशी.”

त्यांनी डोक्यावरची घागर सावरली. “न्हाई व्हय?” म्हणाल्या, आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. “बाई, सांडवा ठिवा. माजं वावार हाय खाली.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. मुलींच्या तळहातांना फोड आलेले, आणि या बाईंना आपल्या वावरासाठी पाणी सोडून हवंय! अशी मी समजूत करून घेतली. एक शब्द विचारला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी वळून मुलींना घोषणा द्यायला लावली. गावातली माणसं येताजाता कौतुक करायची. त्यांना वाटत असणार, सांडवा ह्या पोरी शेवटी काढतील. मावशी मात्र त्या दिवशी घागर डोक्यावर तशीच धरून बराच वेळ उभ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बांध पुरा झाला. दुपारी तालुक्याचे साहेब बघायला यायचे होते, म्हणून मुली बांधाच्या माथ्यावर रांगोळी घालत होत्या. मावशी आल्या, भरली घागर उतरवली आणि उतारावर बसल्या. हाताने माती ओढून त्यांनी वीतभर उंचीचा बांध केला. पदराची गाठ सोडून बाजरीचे दाणे काढले, ते बांधाखाली ओळीत मांडले. “हे माजं वावार,” म्हणाल्या, आणि घागर कलती केली.

“अहो मावशी, पाणी!” मी ओरडले.

पाणी त्या एवढ्याशा बांधामागे साठत गेलं. अगदी माझ्या दुपारच्या पाण्यासारखं, गप्प आणि काठोकाठ. मुली “अगं बाई, किती छान!” म्हणतायत तोवर ते माथ्यावरून ओघळलं, आधी केसाएवढं, मग बोटाएवढं, आणि बांध फुटला. गढूळ लोट खाली गेला. एक दाणा जागेवर राहिला नाही.

“पानी अडीवलं ते लई ब्येस केलं,” मावशी म्हणाल्या. “पर जास्त झालं तर त्याला निगाया वाट नगं? कडंला बांध थोडा खाली ठिवायचा, दगडं बशीवायची. तितनं ते गुमान जातं. त्यालाच सांडवा म्हंत्यात.” मग त्यांनी चिखलातला एक दाणा उचलला. “माजं येवडंच हाय, बाई.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चुकले मी,” मी म्हटलं. मुलींनी रांगोळी पुसून कडेला कुदळ घातली. किती खोल जायचं, कुठला दगड बसवायचा, ते मावशी उभ्या राहून सांगत होत्या. साहेब आले तेव्हा त्यांना बांधाला पडलेलं खिंडार दिसलं आणि बाई कुठेच दिसल्या नाहीत. मी मावशींची घागर घेऊन विहिरीवर गेले होते. घागर कधी डोक्यावर घेतली असेल तर शपथ! परत येईतो निम्मी माझ्याच अंगावर सांडली. मावशींनी पदर तोंडाला लावला. “पोरींनो, बाईंस्नी सांडवा आला गं!”

दसऱ्यानंतर त्या गावचा एक माणूस नगरला आला. फडक्यात बांधलेली बाजरीची कणसं आणि मावशींचा निरोप: पाणी सांडव्यातून गेलं, वावर राहिलं. मी ती कणसं उराशी धरून ओसरीतच रडायला बसले. दाणे फरशीभर झाले.

“अगं, सांडतंय बघ सगळं,” आई म्हणाली.

“सांडू दे गं, आई,” मी म्हटलं.