जहागीरदारीण पणजी

आमच्या बैठकीत एक पणजी टांगलेली आहे आणि तिचा आमच्या घराण्याशी काडीचाही संबंध नाही.

परभणीतल्या एका मंगल कार्यालयाचं जुनं सामान विकायला निघालं, तेव्हा मी तिला आणली. रंगवलेलं मोठं चित्र. जांभळी पैठणी, ओठांवर लोंबणारी नथ, चार पदरी मोती, एक हात खुर्चीवर आणि नजर अशी, की 'ह्यांना आत कुणी घेतलं?' (माझ्या खऱ्या पणजीनं जन्मभर बोरीच्या माळावर मेंढरं राखली. खुर्ची तिनं लांबूनच पाहिली असणार.) थोरल्या पोरीला, रेणुकाला, बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा तिला आधीच पसंत होता. मला मात्र, सरकारी कारकून झाल्यापासून, आपलं घराणं जरा उंच दिसावं असं वाटायचं.

"अन् कोणी इचारलं तर?" बायको म्हणाली.

"जहागीरदारीण म्हणायचं."

मुलाचे वडील मारोतराव नेमके चित्रासमोर बसले.

"ह्या कोण म्हणायच्या?"

"आमच्या पणजी. बारा गावांची जहागीर होती." (बारा कुठून आली, देव जाणे.)

मारोतरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मंग न्हाई जमायचं, साहेब. आमी मेंढरंवाली माणसं. एवढ्या मोठ्याची लेक आमच्याकडं कशी ऱ्हाईल?"

दाराआड रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, आमीबी मेंढरंवालेच! ही बाई इकत आणलीय."

"मोठी माणसं अशीच साधं बोलत्यात," म्हणत ते हात जोडून उठले.

मी कान धरले, पोरीची शपथ घेतली. तेव्हा कुठे त्यांनी मला बाहेर त्यांच्या पिकअपपाशी नेलं. येताना बाजारातून घेतलेली मेंढी तिच्यात उभी होती.

"मेंढरंवाले ना? सांगा, केवढी हाय?"

मी मेंढीकडे पाहिलं, मेंढीनं माझ्याकडे. मग मी तिची शेपटी उचलून पाहिली आणि म्हणालो, "असंल सहा-सात वर्षांची."

तेवढ्यात रेणुका अनवाणीच आली. दरवर्षी सुट्टीत बोरीला आजीच्या मेंढरांमागे हिंडलेली पोरगी ती. तिनं मेंढीचा जबडा धरला, अंगठ्यानं ओठ खाली केला.

"चार दाती हाय. दोन वर्षांची. अन् कानात गोचीड हाय, मामा."

मारोतराव लय खूश झाले. आत येऊन त्यांनी पोहे संपवले, वर आणखी मागून घेतले.

"पोरगी पसंत हाय," ते मला म्हणाले, "पन तुमी खरंच तिचे वडील म्हणून लग्नात उभे ऱ्हाणार का? घरात कोणी चुलते असतील तर बघा."