डावीकडचा नमस्कार

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी लिहायला बसावे, आणि तेही स्वतःविषयी, याचा मला मनापासून संकोच वाटतो. एम.ए.ला मराठी होते, त्यामुळे चांगले लेखन कसे असते हे थोडेफार ठाऊक आहे. आणि ठाऊक असल्यामुळेच आजवर हात आखडता राहिला. ज्यांचा वेळ घेत आहे त्यांची आधीच क्षमा मागते. सांगण्यासारखे माझ्यापाशी फार नाही. एक उन्हाळा आहे, एक लहानशी होडी आहे, आणि तीन आठवडे मी न बोललेली एक गोष्ट आहे.

माझे यजमान इकडे जर्मनीत, नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात एकतीस वर्षे नोकरीला होते. तयार गाडीतला दोष शोधणे हे त्यांचे काम. दार आणि पत्रा यांमधली फट एका टोकाला केसभर जास्त आहे, रंगाखाली धुळीचा कण अडकला आहे, हे ते यंत्राच्या आधी नुसत्या नजरेने सांगत. घरीही त्यातून सुटका नव्हती. पोळी ताटात पडली की ती हातात फिरवून म्हणत, "अगं, या बाजूला दोन मिलिमीटर जास्त आहे." आणि मग तीच पोळी आधी खात.

ते निवृत्त झाले त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे दोन हजार पंधराच्या आसपास, आम्ही उत्तरेला मेक्लेनबुर्गमध्ये एका सरोवराकाठी जुलै-ऑगस्टसाठी फेरीनवोनुंग घेतली. सुट्टीच्या भाड्याच्या घराला इकडे तसे म्हणतात. घराबरोबर एक होडी होती. जुनी, लाकडी, चौघांपुरती; मागे छोटे इंजिन आणि मध्ये सुकाणूचे चाक. एवढ्या लहान इंजिनाला परवाना लागत नाही. मला याचे थोडे नवल वाटले. सायकलच्या दिव्याचेही नियम वाचून काढणारा हा माणूस. मोठी होडी घेऊन रीतसर परीक्षा देण्याची संधी ते सोडतील असे मला वाटले नव्हते.

"परवान्याला डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, मग अर्ज, मग फोटो," ते म्हणाले. "आत्ता कुठे सुटलोय त्या कागदांतून."

मला ते पटले. जाताना गाडीही त्यांनी मलाच चालवायला दिली, गुडघा धरलाय म्हणून. आउटोबानच्या महामार्गावर सात तास स्टिअरिंग माझ्या हाती! मी मनातून सुखावले होते, हे कबूल करते.

रोज सकाळी नऊच्या सुमारास आम्ही निघत असू. डब्यात थालीपीठ आणि लसणाची चटणी, थर्मासमध्ये चहा. कुठे पोहोचायचे नसे. लव्हाळ्यांच्या कडेकडेने जायचे, हंसांना वाट द्यायची, सावली दिसली की थांबायचे. मला पोहता येत नाही. पहिला आठवडाभर मी फुगीर जाकीट गळ्यापर्यंत बांधून आणि दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते.

"अगं, ताशी आठ किलोमीटर," ते हसत. "या वेगाने बुडायलासुद्धा दुपार लागेल."

त्या पाण्यावरची एक रीत होती. समोरून येणारी होडी कुणाचीही असो, हात वर करायचा आणि "मॉइन" म्हणायचे. सकाळी मॉइन, दुपारी मॉइन, दिवस कलला तरी मॉइन. यजमानांना ही रीत फार आवडली. दक्षिणेत आमच्या जिन्यातले शेजारी वीस वर्षांनंतरही मान जेमतेम हलवतात. इथे सगळे सरोवर ओळखीचे. ते अख्खा हात उंचावून, समोरच्याच्याही आधी, खणखणीत आवाजात मॉइन म्हणत. मी नुसती हसत असे. पाण्यावर होडी उजव्या बाजूने हाकायची असते, त्यामुळे समोरून येणारा आपल्या डावीकडून जातो. हे वाक्य मी उगाच लिहिलेले नाही.

आमच्या होडीशेजारी, त्याच लाकडी धक्क्याला, एका आजोबांची होडी बांधलेली असे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे. होडीच्या टपावर लाल फुलांच्या कुंड्या. ऑगस्टच्या सुरुवातीला एक दिवस ते वाडगाभर आंबट लाल बेरी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. यजमान दूध आणायला गेले होते.

"आल्झो, मी सरळच विचारतो," ते जर्मनमध्ये म्हणाले. "माझं काही चुकलं का?"

"छे! का बरं?"

"तुमचे यजमान माझ्याकडे बघत नाहीत. चार दिवस झाले. मी हात करतो, ते आपले पुढे. आधी तर माझ्याआधी हात वर असायचा."

मला अतोनात शरम वाटली. दमतात हल्ली, लक्ष नसते, असे काहीबाही सांगून मी यजमानांच्या वतीने माफी मागितली. ते परत आल्यावर मात्र मी जरा रागातच होते.

"अहो, शेजारच्या आजोबांना हात का नाही करत तुम्ही? बिचारे बेरी घेऊन आले होते, वर स्वतःचंच काही चुकलं का विचारत होते."

"मी? ते कुठे भेटले मला?"

"रोज समोरून जातात की! आजसुद्धा गेले, पुलाखाली. हाताच्या अंतरावरून."

त्यांनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. "हां हां. इंजिनाचा आवाज जरा वेगळा येत होता, तो ऐकत होतो. उद्या करतो."

पुलाखाली इंजिन बंद होते. आम्ही थालीपीठ खात होतो.

दुसऱ्या दिवशी मी वाचन बाजूला ठेवून फक्त त्यांच्याकडे पाहत राहिले. उजवीकडे लव्हाळ्यांत गळ टाकून बसलेला माणूस मला दिसण्याआधी त्यांना दिसला. हात वर, मॉइन. डावीकडून वल्ह्यांच्या दोन निमुळत्या कनू गेल्या, एक पांढरे शीड गेले, आजोबा आपल्या कुंड्यांसह गेले आणि मोठ्याने मॉइन म्हणाले. यजमानांनी आवाजाच्या दिशेने हात केला, पण तोवर आजोबा मागे पडले होते. ज्या डोळ्यांना रंगाखालचा धुळीचा कण दिसे, त्यांना लाल फुलांनी भरलेली होडी दिसली नव्हती.

मी बोलायला हवे होते. बोलले नाही. आमच्या घरात दोष दाखवण्याचे काम त्यांचे. चाळीस वर्षांत मी ते कधी केले नव्हते, आणि पहिला दोष दाखवायचा तो त्यांच्या डोळ्यांतला, हे माझ्याने होईना. शिवाय ते इतके आनंदात होते. ते चाक हातात असताना ते पुन्हा कारखान्यात जाणारे, उपयोगाचे गृहस्थ दिसत. डोळ्यांच्या डॉक्टरांची टर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, मिळायला तशीही महिनोन्‌महिने लागतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. रविवारी इंगोलश्टाटहून लेकीचा फोन आला. बाबा बरे आहेत ना, असे तिने नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये विचारले. मी मराठीत म्हणाले, "मजेत आहेत."

फक्त मी माझी जागा बदलली. डाव्या बाजूला, त्यांच्या किंचित पुढे बसू लागले. होडी येताना दिसली की मीच हात वर करून ओरडे, "मॉइन!" मग ते मान पूर्ण वळवून, बघून, आपला खणखणीत नमस्कार घालत.

"गेनाऊ! असं पाहिजे," आजोबा खूश झाले. "आता कप्तानबाई आधी सलामी देतात."

असे तीन आठवडे गेले. यजमानांना काही कळलेले नाही, अशी माझी खात्री होती.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी फार उकडत होते. जेवण झाले होते, इंजिन एकसुरात चालले होते, आणि माझा डोळा लागला. जाग आली ती एका बाईच्या किंकाळीने. डावीकडे, दहा-बारा फुटांवर, पोहणारे कमरेला बांधतात तो नारिंगी फुगा, आणि शेजारी पांढरीफटक पडलेली बाई.

"अहो, डावीकडे!"

त्यांनी चाक गर्रकन उजवीकडे फिरवले आणि इंजिन बंद केले. बाईला धक्का लागला नाही. फुग्याला धरून तिने आम्हांला खूप सुनावले, आणि ते रास्तच होते. यजमान उभे राहिले, आपल्याकडच्यासारखे हात जोडून त्यांनी दोनदा माफी मागितली. ती पोहत दूर गेली, तरी ते उभेच होते.

"तू झोपलीस," ते म्हणाले.

त्यात तक्रार नव्हती. चष्मा घरी राहिला, असे म्हणावे तितक्या साधेपणाने ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बेकरीत ब्रोट मागताना तू पुटपुटतेस. आणि एकाएकी सरोवरभर ओरडायला लागलीस. मी काय इतका भोळा आहे?"

"कधीपासून होतंय हे?"

"मार्चपासून. कडेने धुकं आल्यासारखं. म्हणून तर गाडी तुला दिली. वाटलं, होडी काय, ताशी आठ किलोमीटर, तेवढ्याला एक डोळा पुरेल. एक उन्हाळा हवा होता मला. मग जाणारच होतो डॉक्टरकडे."

"मला सांगायचं तरी."

"तू कुठे सांगितलंस?"

ते चाकापासून दूर झाले, माझ्या जागेवर बसले आणि म्हणाले, "ये. तू घे आता." मी आयुष्यात पहिल्यांदा होडी हाकली. ते शांतपणे सांगत गेले, जरा उजवीकडे, आता कमी कर. धक्क्याला मी होडी चांगलीच आपटली. आजोबा कुंड्या सावरत ओरडले, "कप्तानबाई, धक्का आम्हांला अजून हवाय!"

"दोन मिलिमीटर चुकलं," यजमान म्हणाले. त्या दुपारी ते तेवढे एकदाच हसले.

पुढे डॉक्टरबाईंनी काचबिंदूचे निदान केले. डावा डोळा बराचसा गेला होता, उजव्याचीही आतली कड झिजू लागली होती. गेलेले परत येणार नाही, उरलेले थेंबांनी सांभाळता येईल, असे त्या म्हणाल्या. मार्चमध्ये आलो असतो तर, असे यजमानांनी विचारले. "थोडं अधिक उरलं असतं," त्या म्हणाल्या.

तीन आठवडे आधी आलो असतो तर, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. परतताना यजमान म्हणाले, "दडवलं ते मी. तू तुझे तीन आठवडे त्यात घालू नकोस." तेव्हापासून रस्त्याने मी त्यांच्या डाव्या हाताला चालते. कुणी ओळखीचे आले की आधी मी बोलते, आणि मग ते मान वळवतात. नेकारसुल्ममध्ये लोकांना वाटते, या बाई म्हातारपणी भलत्याच बोलक्या झाल्या.

ते मजेत सांगतात की तो उन्हाळा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चांगला होता. मला ते ऐकून बरे वाटते, आणि लगेच वाटत नाही. म्हणून ज्यांनी इथवर वाचले त्यांनाच विचारते: पुलाखाली इंजिन बंद होते हे मला आठवले, त्याच क्षणी मी बोलायला हवे होते का?